बिकाल ऊर्फ

सत्तावीस वर्षं मी सहकारी वाइनरीच्या काट्यावर बसलो.
समोर ट्रॅक्टर, ट्रॉलीत द्राक्षं, माझ्यापुढे वही:
नाव, वजन, साखर, जात.
सकाळी समुद्रावरून धुकं यायचं
आणि बायराडाच्या चिकणमातीसारखीच
वहीची पानंही बोटांना चिकटायची.

पांढऱ्या द्राक्षांचा नंबर पहिला. त्यातही बिकालची घाई फार.
दोन दिवस उशीर झाला की आंबटपणा सोडून देते,
मग तिची वाइन गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखी,
उठून गेली की आठवत नाही.
म्हणून ऑगस्ट संपायच्या आत लोक रांगेत.

लिबानिया कायम तिसरी किंवा चौथी.
नवरा एर्मिनियु ट्रॅक्टरवर, ती चालत,
एक हात ट्रॉलीच्या फळीवर, गाय घरी आणावी तशी.
"जात?" मी विचारायचो, माहीत असून.
"बुर्रादु दाश मोश्काश."
म्हणजे माश्यांनी घाण केलेली.
रांगेत हसू फुटायचं.
मी लिहायचो: बिकाल.

तिचं माहेर बुसाकुच्या डोंगरापलीकडे, दांवच्या खोऱ्यात.
ग्रॅनाइटचं गाव,
भिंतींत फट सापडत नाही, माणसांतही नाही.
तिकडे ह्या वेलीला हेच नाव.
पिकलं की मण्यांवर तपकिरी ठिपके उठतात,
जशी एखादी माशी दुपारभर बसून
हिशेब करून गेली.
डोंगर ओलांडला की तीच वेल बिकाल.
डोंगर ओलांडला की लिबानिया, एर्मिनियुची बायको.
नाव बदल असं तिला कुणी म्हटलं नव्हतं,
फक्त त्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

नाकावर माशी बसू न देणारी बाई,
आणि दर वर्षी काट्यावर हेच नाव आणून ठेवायची.

मी कारकून. मक्षिकास्थाने मक्षिका.
छापील यादीत जे, तेच रकान्यात.
तिची पावती जरा जपून फाडायचो, एवढंच.

एर्मिनियुला पुरलं त्या फेब्रुवारीत
ती एक बाटली घेऊन आली, लेबल नसलेली, अठरा वर्षांची.
"पी, झुल्मीरु. मग बोल."
काट्यामागच्या खोलीत, चहाच्या पेल्यात,
रंग जुन्या गवताच्या गंजीचा.
वास आधी रॉकेलचा. मला वाटलं, माझेच हात.
मग सुकं जर्दाळू, मग मेण,
आणि जिभेच्या कडेला शेवटी एक धार,
अठरा वर्षांत कुणाला बोथट करता न आलेली.
"कुठली ही?"
"लग्नात आणलेल्या काड्यांची.
पेटीत, चादरींखाली, ओल्या गोणपाटात.
सासूला वाटलं, भांडी असतील."
पेला तिने स्वतःच विसळला.
"तुझ्या वहीत दर वर्षी येते की."

सप्टेंबर उजाडता उजाडता ट्रॅक्टर तीच चालवत आली.
स्टिअरिंगवर तिचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले,
मनगटापर्यंत ठिपके, तपकिरी, विखुरलेले.
"जात?"
"बिकाल," ती म्हणाली.
रांगेतले हसायला तयार होते, तसेच राहिले.
काट्याचा आकडा थरथरत थांबला.
मी लिहायला घेतलं, तिचं ते पूर्ण नाव.
रकान्यात मावेना,
अक्षरं साखरेच्या आकड्यावर चढली.
पावती दिली. तिच्याकडे चष्मा नव्हता.
न वाचता घडी करून तिने ती बाहीत खोचली
आणि ट्रॉली मागे घ्यायला लागली.

नोव्हेंबरात कोइंब्राहून तपासनीस आले.
सत्तावीस वर्षांत एक चूक नाही, म्हणाले,
आणि ह्याच ओळीत माशी कुठे शिंकली?
मी वही जवळ ओढली, नीट पाहिल्यासारखं केलं.
शिंकली नाही साहेब, म्हटलं, बसली आहे.
राहू द्या.